‘ट्यूबचाच घे’ : एका जुन्या पेपरची उलटतपासणी, आणि माझीही

दोन वर्षांपूर्वी याच ब्लॉगवर मी ठोकून दिलं होतं की मेटल वाजवायला ट्यूब अ‍ॅम्प लागतो ही अंधश्रद्धा आहे, आजच्या सॉफ्टवेअरमधला आणि खऱ्या अ‍ॅम्पमधला फरक कोणाला कळत नाही. ती पोस्ट बरीच फिरली. ती वाचून माझ्या कॉलेजच्या बँडमधल्या गिटारिस्टने आपला शंभर वॅटचा हेड विकून टाकला. विकायला इतर कारणंही होती म्हणा (लग्न, नवीन फ्लॅट, खालच्या मजल्यावरचे काका), पण त्याच्या मते मुख्य कारण मीच. गेल्या महिन्यात त्याचा फोन आला. "तुझं वाचून विकला. आता परत घ्यायचाय, राहवत नाहीये. कुठला घेऊ ते तूच सांग. आणि या वेळी नीट वाचून सांग."

‘नीट वाचून’ हे लागलं. कारण माझी पीएचडी नेमकी याच विषयात आहे: ओव्हरलोड झालेली सर्किट्स कॉम्प्युटरवर कशी उभी करायची. तेव्हा हा प्रश्न टाळण्याची सोय मला नाही. मग ज्या दोन पेपरांच्या जोरावर हा वाद दोन्ही बाजूंनी लढला जातो, ते पुन्हा काढून बसलो.

पहिला पेपर १९७३चा, रसेल हॅम यांचा, ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या जर्नलमधला. ट्यूब आणि ट्रान्झिस्टर यांच्यात कानाला कळेल असा फरक असतो का, हा त्याचा प्रश्न. तुम्ही कुठल्याही गिटारच्या दुकानात जा, किंवा यूट्यूबवर कुठलाही व्हिडिओ लावा, तिथे जे ऐकायला मिळतं ते या पेपरचं दहाव्या तोंडी झालेलं रूप आहे: ट्यूब ‘सम’ हार्मोनिक देते म्हणून गोड, ट्रान्झिस्टर ‘विषम’ देतो म्हणून कर्कश.

आपल्या भाषेत सांगायचं तर दुसरा हार्मोनिक म्हणजे वरचा सा, तिसरा म्हणजे त्याच्या वरचा पंचम, पाचवा आणखी वरचा गंधार, आणि सातवा कुठल्याच पट्टीत नीट न बसणारा. सा वर सा चढला तर आवाज भरदार होतो, हे पटण्यासारखं आहे. हॅम यांनी मोजलंही नीट होतं. ट्रायोड ट्यूब ओव्हरलोड होऊ लागते तेव्हा दुसरा हार्मोनिक जोरात असतो, ट्रान्झिस्टरमध्ये तिसरा.

पण त्यांनी मोजलं काय? मायक्रोफोन प्रीअ‍ॅम्प. रेकॉर्डिंग स्टुडिओत गायक अचानक वरचा सूर लावतो, ड्रमवर काठी पडते, आणि क्षणभर प्रीअ‍ॅम्पची मर्यादा ओलांडली जाते. त्या क्षणाचा हा अभ्यास आहे. गिटारचा हाय-गेन अ‍ॅम्प हे सगळं सोडून भलतंच जनावर आहे. तिथे ओव्हरलोड हा अपघात नसून मुक्कामाचं ठिकाण आहे. स्वर सुरू झाल्यापासून विरेपर्यंत सिग्नल चेपलेलाच असतो. हॅम यांचा दोष इतकाच की त्यांचा पेपर चांगला होता. लोकांनी तो नको तिथे नेऊन लावला. तापावरचं औषध हाड मोडल्यावर द्यावं तसं.

आता हाय-गेन अ‍ॅम्पच्या आत बघू.

१२एएक्स७ ही बोटाएवढी ट्यूब. तिचा अँप्लिफिकेशन फॅक्टर १००, प्रत्यक्ष सर्किटमध्ये पन्नास-साठपट वाढ मिळते. काचेच्या एका नळीत दोन ट्रायोड असतात. मेटलच्या अ‍ॅम्पमध्ये असे तीन-चार ट्रायोड एकामागे एक लावतात, मध्ये मध्ये रेझिस्टर घालून सिग्नल थोडा खाली आणतात, पण हिशोब ओव्हरलोडचाच असतो. आता गंमत बघा. प्रत्येक ट्रायोड सिग्नल उलटा करतो. पहिल्याने लाटेची एक बाजू चेपली, तर पुढच्याच्या हातात ती उलटी होऊन येते आणि तो दुसरी बाजू चेपतो. वर १९८७च्या सोल्डानो एसएलओ-१०० मध्ये एका ट्रायोडला मुद्दाम ३९ किलोओहमचा कॅथोड रेझिस्टर दिलाय (साधारण दीड-दोन किलोओहम असतो), म्हणजे ती ट्यूब जवळजवळ बंद पडायच्या बेतातच बसलेली असते आणि लाटेची एक बाजू सरळ कापून टाकते. असं तीन-चार वेळा कापल्यावर उरते ती चौकोनी म्हणावी अशी लाट, आणि चौकोनी लाटेत राज्य विषम हार्मोनिकचं. पुढे पॉवर ट्यूबची जोडी पुश-पुल पद्धतीने चालते, ती स्वतःचे सम हार्मोनिक आपसातच खोडून टाकते. म्हणजे ज्या गुणासाठी ट्यूबची आरती ओवाळली जाते, त्यातला बराचसा मेटलच्या अ‍ॅम्पमध्ये वाटेतच संपलेला असतो.

शिवाय मेटलमध्ये एकटा स्वर वाजतो कुठे? पॉवर कॉर्ड वाजते. पॉवर कॉर्ड म्हणजे दुसरं काही नाही, सा आणि प. तानपुऱ्याची जोडी! सगळ्यात जाड तारेचा ई हा ८२.४ हर्ट्झ, त्याचा पंचम १२३.५. दोन स्वर एकत्र चेपले की त्यांच्या बेरजा-वजाबाक्यांचे नवे स्वर जन्माला येतात. साधी वजाबाकी केली तर ४१. सा च्या दुपटीतून पंचम वजा केला, तरी ४१च. पहिली वजाबाकी असमान क्लिपिंग देतं, दुसरी समान क्लिपिंगही देतं. म्हणजे ट्यूब असो वा ट्रान्झिस्टर, खर्जातला सा उभा राहतोच. एवढा खालचा स्वर स्पीकरमधून फारसा बाहेर पडत नाही, पण वरचे सगळे स्वर ४१च्याच पटीत असल्यामुळे कान तो स्वतःच भरून काढतो. आता त्यात पंचमाऐवजी गंधार घाला. सा च्या दुपटीतून गंधार वजा केला की येतात ६१ हर्ट्झ. मंद्र पंचम हवा ६१.७चा. गिटारचा गंधार हार्मोनियमसारखाच चढा असल्यामुळे खाली एक बेसूर पंचम कण्हत बसतो. मेटलवाले गंधार टाळतात ते काही आळसाने नाही.

मग अ‍ॅम्पाअ‍ॅम्पांत फरक कसला? माझं मत असं झालंय की मुख्य फरक चेपण्याच्या पद्धतीत नसून चेपण्याच्या आधी काय कापलं आणि नंतर काय वाढवलं यात आहे. भाजी आधी चिरून मग परतली की अख्खी परतून मग चिरली, तसं. पदार्थ तेच, ताटात येतं ते वेगळं.

मेसा बूगीचा मार्क टू-सी प्लस घ्या. मेटॅलिकाच्या ‘मास्टर ऑफ पपेट्स’वर (१९८६) तो आहे. या अ‍ॅम्पमध्ये बेस-मिड-ट्रेबलची बटणं मुख्य ओव्हरलोडच्या आधी येतात. म्हणून जाणकार बेस जवळजवळ शून्यावर ठेवतात. नवख्या माणसाला हे वेडेपणाचं वाटतं. पण जाड तारेचा गडगडाट चेपायला गेला तर लगदा होतो, तेव्हा तो आधीच बाहेर काढायचा. आणि नंतर, चेपून झाल्यावर, पाच पट्ट्यांच्या ग्राफिक इक्वलायझरवर खालचा भाग परत चढवायचा आणि मधला खाली ओढायचा. त्या रेकॉर्डवरचे पाम म्यूट दगडी पाट्यासारखे सपाट आणि कोरडे वाटतात ते या दोन पायऱ्यांमुळे. मला अजूनही तो आवाज मेटलमधला सर्वांत शहाणा आवाज वाटतो. जेवढा राग तेवढीच शिस्त.

मेसाचाच ड्युअल रेक्टिफायर (नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचा) याच्या उलट्या टोकाला. टोनची बटणं ओव्हरलोडच्या नंतर, खालचा भाग सैल, आणि ‘मॉडर्न’ मोडमध्ये पॉवर अ‍ॅम्पचा निगेटिव्ह फीडबॅकच काढून टाकलेला. फीडबॅक गेला की अ‍ॅम्पचा स्पीकरवरचा लगाम सुटतो आणि स्पीकरची स्वतःची घुमण्याची जी जागा असते, शंभर हर्ट्झच्या आसपास, तिथे तो वाटेल तसा घुमतो. संथ, जड रिफला हे फार सुंदर लागतं. जलद थ्रॅशला नाही. आणि एक विनोद: अ‍ॅम्पचं नाव ज्या ट्यूब रेक्टिफायरवरून आहे, तो घट्टपणासाठी बंद करून डायोडवर जायचं बटण मागे दिलेलंच आहे. मेटलवाले बहुधा ते दाबतात.

तिसरा पीव्ही ५१५०, १९९२चा. एडी व्हॅन हेलनसाठी बनवलेला, त्याच्या घरच्या स्टुडिओचं नाव घेतलेला. तो पीव्हीपासून वेगळा झाल्यावर तोच अ‍ॅम्प ६५०५ या नावाने विकला जाऊ लागला. १२० वॅट, चार ६एल६. व्हॅन हेलनच्या हसऱ्या, उड्या मारणाऱ्या वादनासाठी बनलेली वस्तू पुढे दहा-पंधरा वर्षं सगळ्यात रागीट लोकांनी वापरली, ही इतिहासाची थट्टाच. इंजिनिअरच्या नजरेने बघितलं तर यात नावं ठेवायला पुष्कळ जागा आहे. पॉवर ट्यूबचा बायस मुळात कमी ठेवलेला आणि तो बदलायची सोयही नाही; क्लीन आवाज नावापुरता. पण मधल्या पट्टीत याची एक खरखर आहे, करवत लाकडात शिरताना येते तशी, जी दोन गिटारी आणि डबल बेस ड्रमच्या गर्दीतही ऐकू येते. एकट्याने वाजवताना हा अ‍ॅम्प रेक्टिफायरपेक्षा हलका वाटतो. बँडमध्ये तोच उरतो. दुकानात एकट्याने वाजवून अ‍ॅम्प घेणाऱ्यांची फसगत होते ती इथेच.

यावर सगळ्यात स्वस्त दुरुस्ती म्हणजे पुढे एक ट्यूब स्क्रीमर लावणं. त्याचं ड्राइव्ह शून्यावर, लेव्हल पूर्ण. त्या पेडलमध्ये ४.७ किलोओहम आणि ०.०४७ मायक्रोफॅरडची एक जोडी आहे. तिच्यामुळे ७२० हर्ट्झच्या खाली गेन उतरत जातो. वरच्या भागाला मात्र ड्राइव्ह शून्यावर असतानाही सुमारे बारापट गेन मिळतो. म्हणजे मार्क टू-सी प्लसच्या बेस बटणाचं काम या छोट्या हिरव्या डबीने केलं. आणि बघा, ते काम करणारे भाग आहेत एक ऑपअ‍ॅम्प आणि दोन डायोड. ‘शुद्ध ट्यूब’ म्हणून मिरवणाऱ्या असंख्य रेकॉर्डिंगच्या दारात हे सिलिकॉनचं पाहुणं आधीपासून बसलेलं आहे.

सिलिकॉनचा विषय निघालाच आहे तर पँटेरा. ‘काउबॉइज फ्रॉम हेल’ (१९९०) आणि ‘व्हल्गर डिस्प्ले ऑफ पॉवर’ (१९९२) वरचा डाइमबॅग डॅरलचा आवाज रँडल कंपनीच्या ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पचा आहे. स्टॉकहोमच्या सनलाइट स्टुडिओत एंटूम्ड या बँडने १९९० साली ‘लेफ्ट हँड पाथ’ केला, त्यातलं ते यंत्र-करवतीसारखं गुरगुरणं म्हणजे बॉसचं एचएम-२ पेडल, चारही बटणं शेवटपर्यंत. हे दोन आवाज ज्यांना जड वाटत नाहीत त्यांच्याशी मला वादच घालायचा नाही. हॅरिस बर्गर आणि कॉर्नेलिया फेल्स यांनी २००५च्या एका लेखात मेटलचे वादक ‘हेवी’ म्हणतात तेव्हा आवाजात काय असतं हे तपासलं होतं. त्यातला मला पटलेला मुद्दा असा की स्वर विरत न जाता सपाट टिकून राहणं आणि वरच्या भागातली गोंगाटासारखी ऊर्जा, या गोष्टींचा जडपणाशी संबंध आहे. दोन्ही गोष्टी सिलिकॉनला सहज जमतात.

इथपर्यंत दोन वर्षांपूर्वीचा मी खूश असतो. आता दुसरा पेपर.

२०२०मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठाच्या गटाने (राइट, डॅमस्केग, युवेला आणि व्हॅलिमॅकी) न्यूरल नेटवर्कने गिटार अ‍ॅम्पची नक्कल करण्यावर एक पेपर प्रसिद्ध केला. माझ्या कामाचा तो पायाच आहे. कल्पना सोपी: अ‍ॅम्पमध्ये काय घातलं आणि त्यातून काय बाहेर आलं, दोन्ही रेकॉर्ड करायचं, आणि नेटवर्कला म्हणायचं, आतलं सर्किट विसर, हे घातल्यावर ते येईल असं काहीतरी शिक. शिकवायला तीन मिनिटांचं रेकॉर्डिंग पुरतं, हे त्यांनी दाखवलं. तीन मिनिटं! आज निव्वळ लॅपटॉपवर चालणारी न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलरसारखी फुकट सॉफ्टवेअर याच वाटेवरची आहेत.

शेवटी त्यांनी दोन खऱ्या ट्यूब अ‍ॅम्पवर श्रोत्यांची परीक्षा घेतली. मेसा बूगी ५:५० प्लसच्या बाबतीत मोठी मॉडेल्स आणि मूळ अ‍ॅम्प यांतला फरक बऱ्याच श्रोत्यांना ओळखता आला नाही. माझ्या जुन्या पोस्टमध्ये हे वाक्य ठळक अक्षरात आहे. पण दुसरा अ‍ॅम्प होता ब्लॅकस्टार एचटी-५ मेटल. तिथे श्रोत्यांना फरक ओळखता आला. उत्तम मॉडेल्सच्या दर्जाला त्यांनी चांगलेच गुण दिले, पण हे मूळ नाही हे कळलं. हे वाक्यही त्याच पेपरच्या सारांशात आहे, आधीच्या वाक्याच्या अगदी वर. मी ते वाचलं होतं. मला हवा होता तो निकाल मी उचलला आणि दुसरा तिथेच ठेवला. नावात ‘मेटल’ असलेला अ‍ॅम्प आणि मेटलवाल्यांसाठी लिहिलेली पोस्ट, वगळला तोच.

एका छोट्या अ‍ॅम्पवरून सगळ्या हाय-गेन अ‍ॅम्पबद्दल निष्कर्ष काढू नये, हे मान्य. तरी माझ्या रोजच्या कामात दिसतं ते याच्याशी जुळतं. गेन जितका जास्त तितका आत येणारा बारीक फरक बाहेर मोठा होतो, आणि धारदार क्लिपिंगमधून निघणारे फार वरचे हार्मोनिक डिजिटल सिग्नलमध्ये मावत नाहीत. ते दुमडून खाली येतात आणि भलत्याच जागी शिट्टीसारखे ऐकू येतात. उपाय आहेत, पण ते कॉम्प्युटरला जड जातात.

पेपरवर माझी एक तक्रारही आहे, आणि ती माझ्या स्वतःच्या प्रबंधालाही लागू होते. अशा परीक्षेत माणसं ऐकतात, वाजवत नाहीत. गिटारिस्ट ‘फील’ म्हणतो तेव्हा आमच्या क्षेत्रातले लोक (मीही) मनातल्या मनात हसतात. पण खोलीत हेड आणि कॅबिनेट असतं तेव्हा स्पीकरचा आवाज तारांना परत हलवतो, स्वर टिकतो, हाताला उत्तर मिळतं. वर सांगितलेला पॉवर अ‍ॅम्प आणि स्पीकर यांचा सैल-घट्ट लगाम हाही त्यातलाच भाग. हेडफोन लावलेल्या श्रोत्याला हे विचारून काही उपयोग नाही. माझ्या मित्राला जे राहवत नव्हतं ते बहुतेक हेच असावं.

तर जुनं वाक्य मी अर्धं मागे घेतो. रेकॉर्डिंगसाठी, घरी रात्री सरावासाठी, ट्यूब अ‍ॅम्प ‘लागतो’ असं नाही. फरक कळला तरी तो वाईट नाही. पण ‘कोणाला कळत नाही’ हे मी लिहायला नको होतं.

आता मित्राचं उत्तर. तो जलद वाजवतो, तार खाली उतरवून, बँडमध्ये दुसरा गिटारिस्ट आहे. रेक्टिफायर त्याच्यासाठी नाही. मार्क टू-सी प्लसच्या आज मागितल्या जाणाऱ्या किमतीबद्दल बोलायलाच नको. ५१५०च्या घराण्यातला अ‍ॅम्प घे, पण १२० वॅटचा नको. शंभर वॅटच्या ऐवजी पन्नास घेतल्याने आवाज फक्त ३ डेसिबलने उतरतो, आणि सेलेस्टियनचा व्हिंटेज ३० स्पीकर एका वॅटला एक मीटरवर १०० डेसिबल देतो. खालच्या मजल्यावरच्या काकांसाठी एक वॅटही पुष्कळ झाला. वीस वॅटचा ६५०५ मिनी हेड येतो, तो एका वॅटवरही आणता येतो. किंवा ईव्हीएचचा ५१५०-थ्री पन्नास वॅटचा. आणि हेडच्या आधी पैसे कॅबिनेटवर घाल. बारा इंची गिटार स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वर आवाज झपाट्याने कापतो. तो कुठे आणि कसा कापतो यावर तुझा टोन ठरतो, ट्यूब कुठल्या कंपनीची यावर नाही. ट्यूब बदलण्यावर पैसे उडवायचे असतील तर त्यात आधी एक ट्यूब स्क्रीमर येईल.

त्याला हे सांगितलं तर म्हणाला, अमेरिकेतला चुलतभाऊ दिवाळीला येतोय, तिथे जुना ५१५० बराच स्वस्त मिळतोय, तो आणणार आहे. मी म्हटलं, वीस किलोच्या आसपासचं धूड आहे, भावाला आधी विचार. आणि मागच्या पाटीवर काय लिहिलंय ते बघ. १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ असेल तर आपल्याकडे स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लागेल, पण तो फक्त व्होल्ट उतरवतो. हर्ट्झ ५०च राहतात. ६० हर्ट्झसाठीच बेतलेला ट्रान्सफॉर्मर ५०वर जास्त तापतो. त्यामुळे पाटीवर ५०/६० असं लिहिलेलं नसेल तर घेऊ नको. आणि आणल्यावर स्पीकर न जोडता ‘ट्यूबा पेटतात का बघू’ म्हणून चालू करून वाजवायचं नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळेल. उघडून तर अजिबात बघायचं नाही; आत चारशेच्या वर व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये राहतात.

पाटीचा फोटो मागवतो म्हणाला. अजून आलेला नाही.